कोणाकडे पाहायचे, किती वेळ पाहायचे: बबूनच्या समाजाभ्यासाची प्रस्तावना

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १९२५ साली ‘मंकी हिल’ नावाची कृत्रिम खडकाळ टेकडी उभारली आणि तिच्यावर शंभरेक हमाड्रायस बबून सोडले. बबून म्हणजे आफ्रिकेत आणि अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राहणारी, कुत्र्यासारख्या लांब तोंडाची, दिवसाचा बराच वेळ जमिनीवर वावरणारी मोठी माकडे. टेकडीवर जवळपास सगळे नरच होते. दोन वर्षांनी आणखी तीसेक माद्या आणून सोडल्या आणि त्यांच्यावरून नरांची अशी जुंपली, की त्या ओढाताणीत बहुतेक माद्या मेल्या. सॉली झुकरमन या तरुण शरीररचनाशास्त्रज्ञाने हे सारे टिपले आणि १९३२ साली ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे, की माकडांचा समाज बांधून ठेवणारा दोर म्हणजे लैंगिक आकर्षण, आणि मादी ही बळाच्या जोरावर मिळवायची गोष्ट.

नोंदी खोट्या नव्हत्या. त्यांच्यावर रचलेले विधान फसवे होते. एकमेकांना कधी न पाहिलेले प्राणी, नर-माद्यांचे उफराटे प्रमाण आणि हरलेल्याला पळून जायला जागाच नाही, अशा ठिकाणी जे दिसेल त्याला त्या जातीचा स्वभाव म्हणता येत नाही. तरीही पुढे कित्येक वर्षे ‘माकडांचा समाज’ म्हटले की हीच टेकडी लोकांच्या डोळ्यांपुढे येत राहिली. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत अशा नकोशा प्रसंगाने करण्याला कारण आहे. नरवानर गणाच्या समाजाचा आणि समागमपद्धतींचा अभ्यास म्हणजे कोणाकडे पाहायचे आणि किती वेळ पाहायचे, या दोन प्रश्नांची जवळजवळ शंभर वर्षे चाललेली दुरुस्ती, असे माझे मत आहे. सिद्धांत पुष्कळ आले आणि गेले; पाहण्याची रीत बदलली तेव्हाच खरी भर पडली.

पहिली दुरुस्ती साधी होती: पिंजरा सोडून रानात जायचे. शेरवूड वॉशबर्न आणि अर्विन डिव्होर यांनी १९५९ च्या सुमारास केनियाच्या गवताळ मैदानांत बबूनच्या टोळ्या पाहिल्या. तिथे रोजच्या रोज खूनखराबा नव्हता. त्यांना दिसली ती शिस्त. टोळी चालू लागली की मध्यभागी माद्या आणि पिल्ले, भोवती दांडगे नर, आणि सगळ्यांच्या वर नरांची उतरंड. आपले पूर्वजही अशाच मैदानांत उतरले असणार, म्हणून बबून हा आदिमानवाचा नमुना ठरला आणि हे लष्करी चित्र पाठ्यपुस्तकांत गेले. पुढच्या दशकात थेल्मा रॉवेल युगांडातल्या इशाशा नदीकाठच्या जंगलात बबून पाहत होत्या. त्यांना नरांची ठळक उतरंड दिसली नाही. धोका जाणवला की मोठे नर सगळ्यांच्या आधी झाडाकडे पळत, आणि टोळी कुठे जाणार हे बहुधा वयस्क माद्या ठरवत. त्यांचे म्हणणे त्या वेळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. जंगलातले बबून म्हणजे अपवाद, असे म्हणून विषय मिटवला गेला.

यात कोणाची लबाडी नव्हती, हे आधी मान्य करू. नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, त्याचे सुळे लांबलचक असतात, आणि तो भांडतो तेव्हा सगळी टोळी ओरडते. पाहणाऱ्याची मान आपोआप तिकडे वळते, हात आपोआप तेच लिहितो. संध्याकाळी वही उघडली की तीत नरच नर. मादी सकाळपासून गवताचे कंद उपटत बसली होती, तिच्याबद्दल लिहायला काही ‘घडले’च नव्हते.

या आपोआपपणावर औषध शोधले ते जीन ऑल्टमन यांनी. त्यांचे मूळ शिक्षण गणिताचे. पती स्टुअर्ट ऑल्टमन यांच्यासह त्या १९६३ मध्ये प्रथम केनियातल्या अंबोसेलीला गेल्या. किलिमांजारोच्या पायथ्याशी १९७१ मध्ये सुरू झालेला त्यांचा प्रकल्प आजही चालू आहे. दीड हजारांहून अधिक बबूनची, प्रत्येकाची ओळख पटवून केलेली आयुष्यवार नोंद तिथे जमली आहे. जीन यांनी १९७४ साली एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. त्यात बबूनविषयी नवा शोध असा काही नव्हता. वर्तनाच्या नोंदी कशा घेतल्या तर त्यांची बेरीज-वजाबाकी करता येते आणि कशा घेतल्या तर येत नाही, एवढेच त्यांनी तपासले होते. माझ्या मते या क्षेत्रात एकच लेख वाचायचा असेल तर तो हाच.

अंबोसेलीतले काम जवळून पाहिले तर त्यात नाट्य अगदी कमी आहे. कोणाला पाहायचे याची यादी आधीच ठरलेली असते. यादीतली मादी सापडली की घड्याळ लावायचे आणि पुढची दहा मिनिटे फक्त तीच. दर मिनिटाला एक नोंद: खाते आहे, चालते आहे, नुसती बसली आहे, की कोणी तिचे केस निवडते आहे, शेजारी कोण आहे. मधल्या वेळात तिला कोणी हुसकावले, तिने कोणाला जागा करून दिली, तेही लिहायचे. पन्नास पावलांवर दोन नर सुळे काढून एकमेकांवर धावले तरी नजर हलवायची नाही. मादी झुडपाआड गेली तर ‘दिसत नाही’ असेच लिहायचे, अंदाजाने रकाना भरायचा नाही. दहा मिनिटे संपली की पुढचे नाव. वर्षानुवर्षे असे केले की गप्प बसणाऱ्यांनाही बोलणाऱ्यांइतकीच जागा वहीत मिळते.

आणि मग ‘काही घडत नव्हते’ तिथेच सगळे घडत होते, हे ध्यानात येते. जीन यांच्या १९८० च्या ग्रंथाचा विषय आया आणि तान्ही पिल्ले हाच आहे. नवजात पिल्लाचे केस काळे आणि कातडी गुलाबी. ते पाहायला, हाताळायला टोळीतल्या माद्या गर्दी करतात. वरच्या पदाच्या मादीने पिल्लू ओढून नेले तर खालच्या पदाच्या आईला ते परत मिळवणे जड जाते. प्रसंगी पिल्लू भुकेने मरते. म्हणून अशी आई पिल्लाला पोटाशी घट्ट धरून ठेवते, लांब जाऊ देत नाही. वरच्या पदाची आई मात्र पिल्लाला खुशाल हिंडू देते. दोघींच्या ‘स्वभावा’तला हा फरक बराचसा त्यांच्या पदातून आलेला असतो.

हे पद येते आईकडून. मुलगी टोळीत आईच्या लगेच खालच्या पायरीवर बसते, आणि बहिणींमध्ये गंमत अशी की सहसा धाकटी थोरलीच्या वर जाते, कारण भांडणात आई धाकटीची बाजू घेते. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, त्यामुळे घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच क्रमाने चालतात. नर वयात आले की टोळी सोडतात, परक्या टोळीत शिरतात आणि तिथे ताकदीवर जागा मिळवतात. ती काही महिने, फार तर काही वर्षे टिकते. थोडक्यात, ज्या उतरंडीवर पाठ्यपुस्तके लिहिली गेली ती दर मोसमाला बदलणारी होती, आणि जी टिकाऊ होती ती कित्येक वर्षे कोणी पाहिलीच नव्हती.

आता समागमाचा मुद्दा. हे गणित मादीच्या शरीरापासून सुरू केले तरच सुटते. मादीचे ऋतुचक्र महिन्याहून थोडे मोठे. त्यात पार्श्वभागाची कातडी हळूहळू फुगते आणि मग एकाएकी उतरते. गर्भधारणेची शक्यता उतरण्याच्या आधीच्या मोजक्या दिवसांत सर्वांत जास्त. गर्भ राहिला की सहा महिने गरोदरपण आणि त्यानंतर वर्षभर, कधी अधिक, अंगावर पाजणे. म्हणजे कित्येक महिन्यांत काहीच दिवस ती नराच्या दृष्टीने ‘उपलब्ध’ असते, आणि टोळीत एका वेळी अशा माद्या एखाद-दोनच. नर त्या दिवसांत तिच्या मागे सावलीसारखा राहतो, ती बसली की बसतो, ती उठली की उठतो, आणि या पहाऱ्यात त्याच्या पोटाचे हाल होतात. स्टुअर्ट ऑल्टमन यांनी १९६२ मध्ये मांडलेला नियम सुटसुटीत होता: एकच मादी माजावर असेल तर ती पहिल्या नराला, दोन असतील तर दुसरी दुसऱ्याला. अंबोसेलीच्या नोंदी ढोबळमानाने हे खरे ठरवतात, पण नियमाला गळती बरीच. वय झालेले दोन नर एकी करून तरण्याबांड नराला मादीपासून हुसकावतात. क्रेग पॅकर यांनी टांझानियातल्या गोम्बेमध्ये हे पाहून १९७७ साली म्हटले, की ही उपकाराची परतफेड आहे: आज मी तुला, उद्या तू मला. नंतरच्या अभ्यासकांना तसे दिसले नाही. त्यांच्या मते दोघेही स्वतःसाठीच धावतात आणि जो आधी पोहोचेल त्याची मादी. मला दुसरे मत पटते, पण वाद वाचण्याजोगा आहे. मादीही स्वस्थ नसते. ती वळून चालू लागते, बसून राहते, नकोशा नराच्या पहाऱ्यातून निसटायची संधी शोधते.

पहिल्या क्रमांकाची किंमतही आता मोजली गेली आहे. नरांच्या विष्ठेतील संप्रेरके तपासून २०११ मध्ये असे दिसले, की अंबोसेलीतल्या पहिल्या नराचा ताण दुसऱ्या क्रमांकाच्या नरापेक्षा स्पष्टपणे जास्त असतो. ‘अल्फा मेल’ हा शब्द जाहिरातींतून आणि व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून मिरवणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

बाकीचे नर या काळात काय करतात? याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग मला फार आवडतो. बोट्स्वानातल्या ओकावांगो खोऱ्यात, मोरेमी येथे, डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांनी चकमा जातीच्या बबूनवर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या गटाने झुडपांत दोन स्पीकर लपवले. एकातून मादीच्या मागावर असलेल्या नराचे गुरगुरणे ऐकवले, दुसऱ्यातून, काही अंतरावरून, त्याच मादीची समागमाच्या वेळची हाक. दोन आवाज दोन दिशांनी येतात याचा अर्थ एकच: जोडी फुटली आहे आणि मादी दुसऱ्या कोणाबरोबर आहे. ऐकणारा खालच्या पदाचा नर लगेच उठून मादीच्या आवाजाच्या दिशेने निघाला. दोन्ही आवाज एकाच दिशेने आले तेव्हा मात्र त्याला तिकडे जाण्याची घाई झाली नाही. कोण कोणाबरोबर आहे याचा हिशेब तो बसल्या जागी ठेवत होता.

नर-मादीचे नाते माजापुरते नसते, हे बार्बरा स्मट्स यांनी केनियातल्या गिलगिलजवळच्या टोळीवरून १९८५ साली दाखवले आणि त्याला सरळ ‘मैत्री’ म्हटले. पिल्लू असलेली मादी एखाद्या-दुसऱ्या नराच्या आसपास राहते. तो पिल्लाला अंगावर खेळू देतो, भांडणात तिची बाजू घेतो. यात नराला काय मिळते, यावर बराच काथ्याकूट झाला. मोरेमीत मादीची किंकाळी ऐकवली तर तिचा मित्र इतरांपेक्षा जोरात प्रतिसाद देतो. तिचे पिल्लू मेले की त्याचा हा उत्साह ओसरतो. तिथे नवा नर वरचे पद मिळवतो तेव्हा तान्ही पिल्ले मारतो, आणि मित्र हा त्याविरुद्धचा पहारेकरी असतो. अंबोसेलीत विष्ठेतून काढलेल्या डीएनएवरून २००३ मध्ये आणखी एक गोष्ट कळली: एका मादीशी अनेक नरांचा समागम झालेला असूनही, पिल्लांच्या भांडणात नर स्वतःच्या पिल्लांची बाजू अधिक घेतात. बापाला बाप असल्याचे काही प्रमाणात कळते. झुकरमनच्या टेकडीवरून हे दिसणे शक्यच नव्हते.

पिल्लूहत्येचा विषय मराठी वाचकाला परका नाही, आणि तो बबूनकडून आलेलाही नाही. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या रानात वानरांच्या टोळीत सत्तापालट पाहिला: बाहेरच्या नरांनी हल्ला केला, जुना हुप्प्या गेला आणि नव्याने पिल्ले मारली. सारा ब्लॅफर हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर हेच अभ्यासले. गर्दीने माथे फिरलेल्या प्राण्यांची ही विकृती, असे तोवर अनेकांचे मत होते. हर्डींनी म्हटले, की अंगावरचे पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते, आणि नराची सत्ता अल्पायुषी असल्याने त्याला थांबायला सवड नसते. नेपाळमधल्या रामनगर येथील वानरांच्या डीएनएने १९९९ मध्ये या म्हणण्याला बळ दिले: पिल्लू मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे ही टोळी आधीच उभी असेल. हर्डींचा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा मुद्दा कादंबरीबाहेरचा आहे. वानरमाद्या गरोदर असतानाही नव्या नराशी समागम करतात आणि पितृत्वाचा घोळ मुद्दाम वाढवतात. त्यांच्या हाती असलेला हा एक डाव.

इतका वेळ पिवळ्या, ऑलिव्ह आणि चकमा या जातींच्या बबूनबद्दल बोललो. हमाड्रायसकडे वळले की सगळा पट उलटतो. हान्स कुमर यांनी १९६०-६१ मध्ये पूर्व इथिओपियाच्या वैराण प्रदेशात त्यांचा अभ्यास केला. तिथे रात्री एकेका कड्यावर शेकडो बबून झोपायला येतात आणि सकाळी लहान लहान गटांत पांगतात: एक नर, एखाद-दोन किंवा अधिक माद्या, त्यांची पिल्ले. खाणे विरळ, म्हणून गट लहान. सुरक्षित कडे थोडे, म्हणून रात्री सगळे एकत्र. मादी जरा मागे रेंगाळली की नर धावत येऊन तिची मान चावतो, आणि ती पळून न जाता त्याच्याच मागे चालू लागते. तरुण नर आपला गट सुरू करतो तोही चमत्कारिक रीतीने: वयात न आलेल्या मादीला पळवतो आणि कित्येक महिने आईसारखे सांभाळतो, उचलून कडा उतरवतो. कुमरनी ऑलिव्ह बबूनच्या माद्या पकडून हमाड्रायसच्या टोळीत सोडल्या, तेव्हा मान चावणाऱ्या नराच्या मागे जायला त्या तासाभरात शिकल्या. उलट, हमाड्रायसच्या माद्या ऑलिव्ह टोळीत सोडल्यावर त्यांनी नराच्या मागे जाणे सोडून दिले. म्हणजे मादीचे मागे चालणे बरेचसे शिकलेले, नराचे राखणे मात्र अधिक खोलवर रुजलेले.

पण हेही शेवटचे नाही. सेनेगलच्या निओकोलो-कोबा उद्यानात यूलिया फिशर यांचा गट गिनी बबून पाहतो. तिथेही एक नर आणि काही माद्या अशा घटकांचा थरावर थर असलेला समाज आहे, पण नर एकमेकांशी मिळून-मिसळून राहतात, आणि मादीला एक नर सोडून दुसऱ्याकडे जायला बरीच मोकळीक असते. साचा तोच, जबरदस्ती कमी. नरवानर गणातली बाकीची उदाहरणे वाचकाने स्वतः धुंडाळावीत: गिबनच्या जोड्या, पोरे सांभाळणारे मार्मोसेटचे बाप, चिंपांझी माद्यांचा अनेक नरांशी समागम आणि त्यामुळे नरांच्या वृषणांचे वाढलेले आकारमान, एका नराच्या राज्यातल्या गोरिलाचे लहान वृषण. यावरून माणसाची ‘मूळ’ पद्धत काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. बबूनच्या सहा जातींत, इतक्या जवळच्या नात्यात, एवढा फरक असेल, तर त्यांच्यातली एखादी निवडून आपल्यावर चिकटवणे हा निव्वळ सोयीचा खेळ आहे.

दीर्घ नोंदींचे फळ कशात आहे, ते दोन निष्कर्षांवरून पाहावे. जोन सिल्क यांनी २००३ मध्ये अंबोसेलीच्या नोंदींवरून दाखवले, की ज्या माद्यांची इतरांशी ऊठबस अधिक, त्यांची पिल्ले अधिक जगतात, मग पद कोणतेही असो. २०१६ मध्ये असे दिसले, की दुष्काळ, आईचा लवकर मृत्यू, आईचे खालचे पद अशा तीन किंवा अधिक आपत्ती ज्यांच्या बालपणी आल्या, त्या माद्या कमी आपत्ती सोसलेल्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी मरतात. एका संशोधकाच्या थोड्या मुदतीच्या कामात असे काही हाती लागत नाही; त्यासाठी जन्मापासून मरणापर्यंत एकेकीची वही लागते.

नव्या अभ्यासकाला कामही पुष्कळ पडले आहे. इथिओपियात आवाश नदीच्या पट्ट्यात हमाड्रायस आणि ऑलिव्ह बबून एकमेकांत मिसळतात. अंबोसेलीत पिवळ्या टोळ्यांमध्ये ऑलिव्ह रक्त येते आहे. २०१२ मध्ये दिसले, की ज्या नरांत ऑलिव्ह अंश जास्त, त्यांना समागमात यश अधिक मिळते. मग तो अंश पिढ्यान्‌पिढ्या वाढत जायला हवा. पण २०२२ मध्ये त्यांच्या जनुकसंचाची तपासणी झाली, तेव्हा महत्त्वाच्या जनुकांच्या आसपास तो अंश निवडीने काढून टाकला जात असल्याचे आढळले. माद्यांच्या नजरेत आणि झुंजीत जिंकणारे रक्त पुढे कुठे हरते, पिल्लांच्या जगण्यात, आयांच्या आजारपणात की आणखी कुठे, हे शोधायला अंबोसेलीच्या वह्या उघड्या आहेत.